भाडे अंतराचे नसते, उचलीचे असते

परसबागेविषयी लिहिणारे बियाण्यांविषयी लिहितात, रोपांविषयी लिहितात, मावा-तुडतुड्यांविषयी लिहितात. माती तिथवर नेली कशी, हे मात्र कोणी लिहीत नाही. जणू ती आधीपासून तिथे होतीच. नदीकाठच्या काळ्या रानात असेलही. पण आमचे धाराशिव बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले. शहराच्या कडेला घेतलेल्या दोन-तीन गुंठ्यांच्या जागेत कुदळ मारली की चार बोटांवर मुरूम लागतो. अशा जागेत मेथी पेरायची तर आधी माती न्यावी लागते, खत न्यावे लागते, पाणी न्यावे लागते. आणि ही तिन्ही एकाहून एक जड.

आपल्यापैकी बऱ्याच घरांकडे असा एखादा तुकडा असतो. कधीकाळी घर बांधू म्हणून घेतलेला. घर काही होत नाही, गाजरगवत मात्र दरवर्षी जोमात येते. आमचाही तसाच. तीन गुंठे, अब्बांनी घेतलेला, राहत्या घरापासून साडेतीन किलोमीटरवर. अब्बांच्या पश्चात तो आमच्या एकट्याचा राहिला नाही. अम्मींचा आहे, आमचा आहे आणि दोन्ही बहिणींचा आहे. दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक बरा भाव सांगत होते. अम्मींचे म्हणणे असे पडले की जागेचा पैसा हातात आला की साखरेसारखा विरघळतो. जागा राहू द्या, निदान घरची भाजी तरी खाऊ. शेवटी ठरले की दोन वर्षे बघायचे. त्या मुरमातून घरापुरती भाजी निघाली तर ठेवायची, नाहीतर विकून ज्याचा त्याला हिस्सा द्यायचा. आणि जे काही करायचे ते घरखर्चातून वाचवून. त्यासाठी कर्ज काढायचे नाही.

म्हणून पहिल्या दिवशी बियाणे आणले नाही. वही घेतली आणि वजनाचा हिशेब मांडला. तो हिशेबच या वेळी वाचकांपुढे ठेवतो आहोत, कारण अशा कामात पैसे कुठे जातात याचा आपला अंदाज बहुधा चुकीच्या ठिकाणी असतो.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर दोन इंचांचा थर द्यायचा तर सुमारे १८१ घनफूट माती लागते. आपल्याकडे माती, मुरूम, खडी सगळे ब्रासने मोजतात; ब्रास म्हणजे १०० घनफूट. गुंठ्याला पावणेदोन ब्रासहून थोडी जास्त, तर तीन गुंठ्यांना जवळपास साडेपाच ब्रास. एक ब्रास कोरडी गाळमाती साडेतीन ते चार टन भरते. म्हणजे सगळी मिळून वीस टनांच्या घरात. हा आकडा वाचून दाखवल्यावर आमच्याकडे थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग धाकट्याने विचारले, "चालायच्या वाटेवर माती कशाला?"

पोराचा प्रश्न बरोबर होता. मातीची गरज मुळांना असते, पायांना नसते. तीन गुंठ्यांऐवजी पहिल्या वर्षी एकच गुंठा धरला. त्यातही वाफे आखले चार फूट रुंदीचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. वाटा मुरमाच्याच राहू दिल्या; पावसात चिखल होत नाही हा वरचा फायदा. कडेची जागा, पत्र्याच्या शेडची जागा सोडून वाफ्यांचे क्षेत्र भरले सहाशे चौरस फूट. आता दोन ब्रास माती पुरली आणि थरही दोन इंचांऐवजी चार इंचांचा झाला. वीस टनांचे सात-आठ टन झाले, तेही एक रुपया खर्च न करता, कागदावरच. वाफ्यांच्या कडेला लावायला विटाही आणल्या नाहीत. एक वीट तीन किलोंच्या आसपास भरते, आणि जागेत खणताना निघालेले धोंडे फुकट पडलेले होते.

इथे आमच्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट आठवते. तेर हे आज तेरणेच्या काठचे लहानसे गाव, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाचे मोठे व्यापारी नगर होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात त्याचे नाव येते: तगरहून सुती कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, पार भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. कापडच का? कारण ते वजनाला हलके आणि मोलाला भारी. महिना-महिना बैल चालवावेत एवढी किंमत त्या गाडीत भरलेली असे. तेरणेकाठची काळी माती कोणी भडोचला नेली नाही. जड आणि स्वस्त वस्तू दुरून आणायची नसते, ती जवळ शोधायची असते. हा हिशेब तेव्हाच्या गाडीवानाला ठाऊक होता, पण आजकाल लोक बागेसाठी दोनशे किलोमीटरवरून पोत्यांत भरलेली तयार माती मागवतात आणि वर तिचे भाडे भरतात, याचे नवल वाटते.

जवळ काय आहे? आमच्या जिल्ह्यात तलाव आहेत, आणि उन्हाळ्यात त्या तलावांच्या तळाला गाळ आहे. हा गाळ म्हणजे आपल्याच रानांतून पावसाने धुऊन नेलेली माती. राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली सुरू झाली ती याच विचारातून: गाळ निघाला की तलावात पाणी जास्त मावते आणि माती पुन्हा रानात जाते. गाळ काढण्याचे काम यंत्राने होते, वाहून नेण्याचा भार मात्र शेतकऱ्यावर होता. २०२३ पासून अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना, तसेच विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना वाहतुकीसाठी अनुदानाची सोय झाली: एकरी १५,००० रुपयांपर्यंत, तेही अडीच एकरांच्या मर्यादेत, म्हणजे जास्तीत जास्त ३७,५००. ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या जलसंधारण विभागात चौकशी जरूर करावी. विशेषतः आपल्या विधवा बहिणींनी. त्यांच्यासाठी तरतूद असते आणि अर्ज करायला बहुतेक वेळा कोणी जातच नाही.

आमच्यासारख्या तीन गुंठेवाल्यांचा या अनुदानाशी संबंध नाही. पण ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या खेपा जवळच्या तलावातून चालूच होत्या. ग्रामपंचायतीत विचारून त्याच्याच ट्रॅक्टरच्या दोन खेपा आम्ही आमच्याकडे वळवल्या. ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण ब्रासभर नेते. चालू कामात दोन खेपा वाढवणे आणि मुद्दाम ट्रॅक्टर बोलावणे यांत भाड्याचा चांगलाच फरक पडतो. एक सूचना इथेच करून ठेवतो. गाळ वेगळा आणि मुरूम-वाळू वेगळी. मुरूम हे गौण खनिज आहे, त्याच्या वाहतुकीला पावती लागते. "पावतीचं काय ते आमचं आम्ही बघू" असे म्हणणारा गाडीवाला अडकला की आपली खेपही अडकते.

गाळ कसा निवडावा? तळ सुकून भेगा पडल्यावरचा, एप्रिल-मेमधला. ओला गाळ घेतला तर आपण पाण्याचे भाडे भरतो. ज्या तलावात गावाचे सांडपाणी उतरते तिथला घेऊ नये. हातात घेऊन वास घेतला आणि प्लॅस्टिकचे तुकडे पाहिले की कळते. गाळ फार चिकण असतो. काळ्या रानावर त्याचा थर देऊन काही साधत नाही, उलट वाफा सिमेंटसारखा बसतो. मुरमाला मात्र तो मानवतो, कारण मुरमातून पाणी निसटते आणि गाळ ते धरून ठेवतो. दोन्ही एकमेकांत कालवायचे, वरून खत घालायचे आणि पहिला पाऊस त्यावर पडू द्यायचा. मे महिना धरण्याचे आणखी एक कारण: मृगाचा पाऊस एकदा पडला की काळ्या मातीच्या वाटेवर भरली ट्रॉली रुतते, आणि रुतलेली ट्रॉली काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

आता ज्यासाठी हे सगळे लिहितो आहोत त्या मुद्द्यावर येऊ. ट्रॅक्टर तलावापासून आमच्या जागेजवळच्या रस्त्यापर्यंत चार किलोमीटर येणार होता. रस्त्यापासून आमच्या तुकड्यापर्यंत दीडशे पावलांची पाऊलवाट. चार किलोमीटरच्या भाड्याची आम्ही घासाघीस करत होतो, दीडशे पावलांचा कोणी विचारही करत नव्हते. अम्मींनी तो केला. बहात्तरच्या दुष्काळात त्या लहान होत्या, पण घरच्या बायका दुष्काळी कामावर घमेली उचलत ते त्यांनी पाहिले आहे. त्या म्हणाल्या, "रस्त्यावर ओतलेली माती आपोआप चालत येत नाही."

हिशेब केला. एका घमेल्यात बारा ते पंधरा किलो माती बसते. दोन ब्रासची घमेली झाली सहाशेच्या आसपास. प्रत्येक घमेल्यामागे जाताना दीडशे पावले, येताना दीडशे. एक लाख ऐंशी हजार पावले. किलोमीटरमध्ये मांडले तर सव्वाशे. धाराशिवहून सोलापूरला चालत जाऊन परत यावे एवढी वाट, त्यातली अर्धी डोक्यावर ओझे घेऊन! ट्रॅक्टरचे चार किलोमीटर काहीच नाहीत त्यापुढे. मजूर लावले असते तर गाळाच्या भाड्याहून मजुरीच जास्त झाली असती, आणि घरच्यांनी केले असते तर डॉक्टरची फी.

जड सामानाचे भाडे अंतरावर ठरत नाही, ते किती वेळा उचलावे लागते यावर ठरते. तलावात यंत्राने उचलले ती एक उचल. ट्रॉली उलटली की माती जमिनीवर आली, ती उचल फुकट. तिथून पुढे प्रत्येक वेळी खाली ठेवून पुन्हा उचलणे म्हणजे नवा खर्च. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर ट्रॉली शेवटच्या पावलापर्यंत कशी जाईल, यावर सगळी अक्कल खर्च करावी.

आमच्या आणि रस्त्याच्या मध्ये एका गृहस्थांची पडीक जागा आहे. त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या जागेतून ट्रॉली नेऊ द्यावी, त्यांच्या बांधाला धक्का लागला तर आम्ही नीट करून देऊ, असे सांगितले. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "नेा" नाही, "खुशाल न्या, पण जाताना माझी बाभूळही तोडून जा." वाटेत आलेली ती वेडी बाभूळ आम्हाला तशीही तोडावीच लागणार होती. ट्रॉलीच्या चाकांना सात-आठ फूट वाट लागते. आमच्या काटेरी तारेचे दोन खांब तेवढ्यापुरते उपटले, चारीवर फरशीचे तुकडे टाकले. ट्रॉली वाफ्यांपासून वीस पावलांवर आली, आणि तीही चढाच्या अंगाला. एकच ढीग न करता दोन ट्रॉल्या दोन ठिकाणी उलटल्या. दीडशे पावलांची वीस झाली, तेव्हा सव्वाशे किलोमीटरचे सतरा झाले. शिवाय भरले घमेले नेताना उतार आणि रिकामे आणताना चढ.

दोन ट्रॉल्यांचे तीन हजार रुपये झाले. पसरायला एक दिवस एक जोडपे मजुरीवर घेतले. आमच्याकडे गड्याला पाचशे आणि बाईला तीनशे असा रिवाज आहे. आम्ही दोघांना पाचशे-पाचशे दिले. ती बाई भरून घेत होती तीच घमेली, चालत होती तीच वाट, मग दोनशे रुपये कशाचे कापायचे, हे आम्हाला समजत नाही. बजेट काटेकोर ठेवायचे म्हणजे दुसऱ्याच्या घामातून वाचवायचे असे नव्हे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी हे आपल्या घरांत लेकरांनाही पाठ असते. मजुरी किती द्यावी हा त्यातलाच भाग आहे. संध्याकाळी काम सरल्यावर पैसे रोख दिले.

घरच्यांनीही हात लावला, पण नियम करून. घमेले काठोकाठ भरायचे नाही. भरून देणारा आणि डोक्यावर चढवणारा वेगळा, म्हणजे वाहणाऱ्याला वाकून उचलावे लागत नाही. डोक्यावर चुंबळ हवीच. जुन्या साडीची किंवा ओढणीची घट्ट वळलेली. कमरेतून वाकायचे नाही, गुडघ्यांत बसून उठायचे. अम्मींना आम्ही घमेल्याजवळ येऊ दिले नाही. त्या सावलीत बसून खेपा मोजत होत्या आणि त्यांचा आकडा शेवटी आमच्या वहीपेक्षा बाराने जास्त निघाला. अजून त्या आपलाच आकडा खरा धरतात.

गोण्यांविषयी एक इशारा. युरियाच्या रिकाम्या गोण्या घरोघरी असतात आणि माती भरायला त्याच हाताशी येतात. त्या गोणीत ४५ किलो युरिया येतो म्हणून मातीही तेवढीच बसेल असे वाटते. पण माती युरियाहून पुष्कळ जड. काठोकाठ भरली तर गोणी पाऊण क्विंटलला टेकते. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत; त्यांत गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो लादावे असे म्हटले आहे. मुक्या जनावरावर त्याच्या ताकदीबाहेर लादू नये हे तर आपल्याला कायद्याच्या आधीपासून शिकवलेले. आणि आपण कॉलेजात जाणाऱ्या पोराला पाऊण क्विंटलची गोणी दाखवून म्हणतो, "घे रे जरा उचलून." गोणी अर्धीच भरावी. दोन खेपा जास्त पडतील, पडू द्याव्यात.

लहान ओझ्यांसाठी आमच्याकडे एक जुनी सायकल आहे आणि शेजारच्यांची एक्सएल. धाराशिवच्या रस्त्यांवर एक्सएलवरून काय काय जाते ते आपण रोज पाहतो. दूध, कडबा, शेळी, कधी अख्खे कुटुंब. पुढच्या मोकळ्या जागेत लेंडीखताची एक गोणी आणि मागे दुसरी, एवढे तिने बिनतक्रार नेले. पेट्रोल आम्ही भरायचे आणि बदल्यात त्यांना भाजी, असा करार. सायकल मात्र चालवायची नसते, ढकलायची असते. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी माणसांनी डोंगरवाटांनी सायकली ढकलत एकेका सायकलीवर दोनशे किलोंहून अधिक सामान नेले होते. युक्ती साधी होती: हँडलला एक लांब काठी आडवी बांधायची म्हणजे बाजूने चालताना दिशा देता येते, आणि सीटखाली एक काठी उभी बांधायची म्हणजे तोल धरता येतो. आम्ही बांबूचे दोन तुकडे बांधून पाहिले. साठ किलोंपर्यंत सायकल गुमान चालते. त्यापुढे आमच्या जुन्या टायरांचा भरवसा आम्ही धरला नाही.

बांधकामावरची एकचाकी ढकलगाडी भाड्याने मिळते. ती घेतली तर वजन चाकाकडे पुढे भरावे. मागे भरले की निम्मे ओझे आपल्या मनगटांवर येते. मुरमाच्या खडबडीत वाटेवर लाकडी फळी टाकली तर तीच गाडी निम्म्या श्रमात चालते.

सगळ्यांत जड वस्तू मात्र माती नाही, पाणी आहे. माती एकदा न्यावी लागते, पाणी रोज. एक लिटरला एक किलो, त्यात घासाघीस नाही. पाणी वाहून नेणे किती महाग पडते हे आपल्या भागाने साऱ्या देशाला दाखवले आहे. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, म्हणजे पाचशे टन पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. तहानेपुढे इलाज नसतो म्हणून ते केले. वांग्याच्या रोपासाठी कोणी करणार नाही. उलट आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गला पाहा. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात तिथे बोरी नदीच अडवली आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल बांधला. सहलीला जाणारे पाणी महाल बघून फोटो काढतात. आम्हाला त्यात भाड्याची बचत दिसते. पाणी आणायला न जाता जिथे आहे तिथेच थांबवले.

आमचा बंधारा म्हणजे जागेतली पत्र्याची शेड. दहा फूट बाय वीस फूट, दोनशे चौरस फूट. दहा मिलिमीटर पाऊस पडला की एवढ्या पत्र्यावरून सुमारे १८५ लिटर पाणी खाली येते. जवळपास एक ड्रम. पावसाळ्यात सहाशे मिलिमीटर धरला तरी अकरा हजार लिटर. पंधरा लिटरच्या कॅनने तेवढे पाणी घरून न्यायचे तर सातशेहून अधिक कॅन भरावे लागतील. सगळे पाणी साठवता येत नाही हे खरे. आमच्याकडे दोनशे लिटरचे दोन जुने ड्रम आहेत, चौदाशे रुपयांना मिळालेले. रसायनाचे नसावेत, खाण्याच्या वस्तूचे असावेत, एवढे पाहून घेतले. ड्रम भरून वाहू लागले की ते पाणी चारीने वाफ्यांत जाते आणि गाळ ते धरून ठेवतो. डिसेंबरपर्यंत आम्हाला आठवड्याला चार-सहा कॅनच न्यावे लागले. भोपळा आणि दोडक्याच्या वेलांशेजारी कुंभाराकडची बिनरंगाची मडकी गळ्यापर्यंत पुरून ठेवली आहेत. मडके भरले की पाणी हळूहळू पाझरत मुळांना मिळते, वरच्या उन्हात जात नाही. उन्हाळ्यात मात्र आम्ही हात टेकले. मार्चनंतर तिथे फक्त शेवगा आणि कढीपत्ता जगवतो, भाजी पिकवायचा हट्ट करत नाही.

खताचे म्हणाल तर आमच्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने शेळीची जातच ओळखली जाते, उस्मानाबादी. लेंडी इथे कमी नाही. बकरी ईदच्या आधी गल्लीत दारोदारी बोकड बांधलेले असतात. रोज झाडून टाकायची ती लेंडी आम्ही शेजारणींना एका गोणीत साठवायला सांगितली. सुकलेली लेंडी हलकी, गोणी तीस किलोंच्या आतच राहते आणि वासही राहत नाही. सोयाबीनची मळणी झाली की दसरा-दिवाळीच्या सुमारास रानात भुसाचे ढीग पडतात. वजनाला काही नाही, पण आकाराने डोंगर. त्यासाठी जुन्या चादरीचे गठुडे बरे, गोणी नको. हे भूस वाफ्यांवर चार बोटे पसरले की पाणी कमी लागते आणि पुढच्या पावसापर्यंत ते कुजून मातीत मिसळते. आणि उरलेल्या दोन गुंठ्यांत आम्ही पावसाच्या सुरुवातीला ताग पेरला होता. मूठभर बियाणे खिशात घालून नेले. दीड महिन्यात कमरेएवढा ताग उभा राहिला, तो फुलावर आला तसा कापून तिथेच गाडला. तेवढा हिरवा पाला बाहेरून आणायचा तर आणखी एक ट्रॉली लागली असती.

ठरलेली दोन वर्षे या दिवाळीनंतर संपली. डिसेंबर ते फेब्रुवारी मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर आणि वांगी आम्ही विकत घेतली नाहीत, बहिणींच्या घरीही पिशव्या गेल्या. वहीत दोन वर्षांचा एकूण खर्च साडेसात हजारांच्या आत आहे, पेट्रोलसकट. त्यामुळे अम्मींच्या मते जागा ठेवायचीच. थोरल्या आपाही तेच म्हणतात. धाकट्या बहिणीला मात्र मुलाच्या प्रवेशासाठी पैसे हवे आहेत, आणि तिचे म्हणणेही चुकीचे नाही. मेथीच्या पिशवीने फी भरता येत नाही. बोलणी निघाली तेव्हा गाळाचा प्रश्नही निघाला. माती आम्ही आणली, खर्च आम्ही केला, जागेचा भाव त्याने वाढला असेल तर तो कोणाचा? घरातल्या थोरांनी सांगितले की गाळ एकदा पसरला की तो जमिनीचा झाला, आणि जमीन चौघांची आहे. आम्हालाही ते पटले. धाकटीचा हिस्सा आजच्या भावाने धरायचा, गाळ-मजुरीचे पैसे त्यातून वजा करायचे नाहीत, आणि ती रक्कम आम्ही व थोरल्या आपांनी मिळून तीन हप्त्यांत द्यायची, असे कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या आहेत. पहिला हप्ता जूनच्या आधी द्यायचा आहे, म्हणून यंदा दुसऱ्या गुंठ्यासाठी गाळ आणणार नाही. शेजारच्या गृहस्थांनी मात्र निरोप धाडला आहे की वाट मोकळी आहे, बाभूळ पुन्हा फुटली आहे.